पित्तराने नाही म्हणायचं नसतं

बाबा,

काल अक्षय्य तृतीया, आपली अखाजी झाली. तुमच्या नावाची घागर भरली, तिच्यावर डांगराचं फळ ठेवलं, कढी, वडे, शेवया, पन्हं असं सगळं केलं, आणि तुमच्या जागी पाटावर आमच्या हुडकोतल्या कॉलनीतले एक म्हातारे गृहस्थ जेवायला बसवले. पोस्टात होते. जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही असा माणूस, म्हणून तुमचा पित्तर म्हणून मी दरवर्षी त्यांनाच बोलावते. माझा मुलगा वाढत होता. त्याने मध्येच विचारलं, "आई, नानाजीले अजून काय पसंद होतं? बता दे, ताटात ठेवून देतो." मी म्हटलं, पन्हं. तुम्ही पन्ह्याचा पहिला घोट घेऊन कसं तोंड वाकडं करायचात ते मला चांगलं आठवतं. पण खरं सांगितलं असतं तर हा पठ्ठ्या हौसेने तेही घेऊन आला असता, आता तर दुकान कोपऱ्यावर आहे.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्यांना मी आग्रह करून सतरंजीवर आडवं व्हायला लावलं. तेही माझं दरवर्षीचंच. ते पाठीवर निजले, घोरू लागले, आणि मी गोधडीची वळकटी घेऊन त्यांना हळूच कुशीवर वळवलं, वळकटी पाठीशी लावली. मुलगा म्हणतो, आईचा हा काय नवीनच विधी, असा कुठं लिहिलेला नाही. नाहीच लिहिलेला. काल मात्र वळवताना ते झोपेत एक शब्द बोलले. तो शब्द काय होता ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे, पण त्यासाठी आधी मला मागं जावं लागेल.

आपण तेव्हा भिलाईच्या खुर्सीपारला टिनाच्या खोल्यांत राहायचो. पोलादाचा प्लांट अजून पुरता उभा व्हायचा होता आणि तुम्ही खलाशी गँगमध्ये होतात. दोरखंड आणि कप्प्यांनी लोखंडी तुळया वर चढवायच्या आणि उंचावर बसून त्या जागी बसवायच्या, हे तुमचं काम. वर घ्यायचं तर गँगचा माणूस ओरडे, "हाबीस!" आणि अलगद खाली सोडायचं तर "आरिया, आरिया!" घरातही तुमचं तेच. मी डोक्यावरचा पाण्याचा गुंड उतरवू लागले की तुम्ही खाटेवरून "आरिया" म्हणायचात आणि मी हसता हसता अर्धं पाणी सांडायचे. भिंतीपलीकडे तुमचे सोबती राहायचे, गोंदियाकडचे, आमचे काका. कधीतरी पायावर रूळ पडल्यामुळे ते डावा पाय ओढत चालायचे, पण एकदा वर चढले की तुमच्यापेक्षा चपळ. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी आले की दारातूनच काकूला विचारायचे, "भात हाय का वो, का चूल इझवली?" टिनाच्या भिंतीतून ते आम्हाला रोज ऐकू यायचं, इतकं की त्यावरूनच आई आपली चूल आवरायला घ्यायची.

महिनाभर तुम्ही दोघंही दारूला शिवत नव्हता, याची तुम्हाला केवढी फुशारकी होती! "आमी काय रोजचे बेवडे आहो का?" असं छाती पुढे काढून विचारायचात. पण पगार झाला की मोहाची दारू अशी वाहायची की मधले दिवस कुठं गेले ते तुम्हालाच ठाऊक नसायचं. आई म्हणायची, "तुमचं म्हन्जे एकादशी अन् दुप्पट खाशी." काकांची एक सवय होती. पहिला घोट घेण्याआधी ते ग्लासात दोन बोटं बुडवून थेंब मातीवर शिंपडायचे. इथले छत्तीसगढी मजूर त्याला तपावन म्हणतात, आधी देवाला आणि गेलेल्यांना, मग आपल्याला. काका मातीला म्हणायचे, "घे गा, पयले तू." तुम्ही त्यांना हसायचात. तुम्हाला त्या सांडलेल्या थेंबांचंच वाईट वाटायचं.

मग ती सकाळ. पगारानंतरचा सोमवार, मी नळावर रांगेत उभी आहे आणि तुम्ही दोघं तोंड धुताय. काकांच्या हातातला तांब्या थरथरतोय. ते म्हणतात, "आज राहू दे गा. डोकं घुमून राहिलं." आणि तुम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारता, "चाल बे, उतरली तुही. वर हवा लागली का बराबर होशीन." ते सरळ चालत होते, बोलणंही ठीक होतं, त्यांना अजून चढलेली आहे असं कोणालाच वाटलं नसतं. दुपारी गँगमधली चार माणसं तुम्हाला धरून घेऊन आली, काकांना नाही. वर तुळईवर बसलेले असताना ते एकाएकी बाजूला कलंडले, एवढंच तुम्ही सांगितलं. मग एकदा जेवताना आईला म्हणालात, "म्याच त्याले नेलं." आई म्हणाली, "दारूनं नेलं. तुमीबी तिच्याच संगं होते, म्हनून तुमाले ते दिसत नाई."

काकांच्या चितेपुढं तुम्ही लहान मुलासारखा गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली होती, आणि ती खरोखर पाळलीत. तो हिवाळा हा माझ्या लहानपणातला सगळ्यात चांगला काळ आहे, बाबा. पगाराच्या दिवशी तुम्ही उजेडात घरी यायचात. जुन्या दोरखंडाचा तुकडा आणून तुम्ही मला कडुनिंबाला झोपाळा बांधून दिलात आणि ती खलाशी गाठ कशी मारायची ते शिकवलंत. आजही माझ्या गच्चीवरची कपड्यांची दोरी त्याच गाठीने बांधलेली आहे. आई गुणगुणायला लागली होती. संध्याकाळी प्लांटातल्या लोखंडाच्या भट्टीची तापलेली मळी ओतली की आकाश लाल व्हायचं आणि तुम्ही मला खांद्यावर घेऊन ते दाखवायचात.

त्यानंतर पहिली अखाजी आली. काकू काकांची पहिली घागर भरणार होती, आणि पित्तर म्हणून तुमच्याशिवाय दुसरं कोण बसणार? तुम्ही आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेलात. मी आणि आई वाढायला गेलो. भर दुपार, टिन तापलेलं, आणि काकूने निखाऱ्यावर तुपाची आगारी टाकली तशी खोलीत धुराची भिंतच उभी राहिली. पित्तराच्या ताटात गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं, आणि पित्तराने कशालाही नाही म्हणायचं नाही, काही टाकायचं नाही, हे सगळ्यांनाच माहीत. काकूने कढी वाढली, वडे वाढले, आणि मग पदराखालून एक ग्लास काढून ताटाशेजारी ठेवला. मोहाचा वास सगळ्या खोलीत पसरला. आई म्हणाली, "हे काय वो, बाई?" काकू म्हणाली, "त्याइले आवडे." एवढंच. तिच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला आज कळतं. इकडचं तपावन आणि आपला पित्तर, तिने दोन्ही एकत्र केले. मातीवर दोन थेंब शिंपडायचे, ते तिने जिवंत माणसापुढं ग्लास भरून ठेवले.

तुम्ही त्या ग्लासाकडे किती वेळ पाहत बसलात! कपाळावरून घाम ओघळत होता. आईने डोळ्यांनी नको म्हटलं. तुम्ही एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काकूकडे, आणि मग डाव्या हाताने ग्लास उचलून दोन बोटं बुडवली, थेंब मातीवर शिंपडले आणि म्हणालात, "घे गा, पयले तू." तुम्ही हे कधीच करत नव्हता. काकूच्या हातातली पळी खाली पडली. ग्लास रिकामा करून तुम्ही पाटावरून उठलात, आणि दाराकडे जाताना तुमचा डावा पाय ओढला जात होता.

पाटावर बसून पायाला मुंग्या आल्या असतील, असं आई त्या दिवशी म्हणाली. पण पुढच्या पगाराला तुम्ही दारू पिऊन आलात, आणि आलात ते आपल्या दाराशी नाही. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. बाहेर पाय ओढत येणारी पावलं वाजली, भिंतीपलीकडे थांबली आणि आवाज आला, "भात हाय का वो, का चूल इझवली?" बाबा, तो आवाज तुमचा नव्हता. माझा हात परातीतच राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. पलीकडे काकूची भांडी वाजली, पाट मांडल्याचा आवाज आला, आणि ती अशी बोलू लागली जशी काका असताना बोलायची, हळू, कुरकुरत, सुखाने.

मग ते दर पगाराला होऊ लागलं. तुम्ही प्यायचात, पाय ओढायला लागायचा, आणि तुम्ही भिंतीपलीकडे जायचात. मला पाहिलंत तर ओळख दाखवायचा नाहीत, एकदा मी रस्त्यात तुमचा हात धरला तर तुम्ही काकांसारखं "कोनाची वो तू?" म्हणून माझ्या डोक्यावर टपली मारलीत. मी घरी येऊन आईच्या मांडीत तोंड खुपसून रडले. वस्तीतल्या बाया सांगायच्या, गेलेला माणूस अंगात येतो, मांत्रिक पाहा. आई पोळपाट आपटून म्हणायची, "अंगात दारू येते. मानूस नाई येत." उतरल्यावर तुम्हाला काहीच आठवायचं नाही. तुम्ही ओशाळून विहिरीवर जाऊन बसायचात, आणि पुढच्या पगारापर्यंत पुन्हा आमचे बाबा असायचात.

दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने आईला एक गोष्ट शिकवली होती. इतका प्यायलेला माणूस कधी पाठीवर निजवायचा नाही, एकटा सोडायचा नाही. कुशीवर वळवायचा, पाठीशी वळकटी लावायची, कारण उलटी आली तर त्याला उठून बसायची शुद्ध नसते. आणि हलवूनही जागा होत नसेल तर तसाच उचलून आणायचा, झोपला आहे म्हणून राहू द्यायचा नाही. म्हणून तुम्हाला कसंबसं पलीकडून आणलं की आई खांद्याला आणि मी गुडघ्याला धरून तुम्हाला वळवायचो. तुम्ही जड व्हायचात, आणि वळता वळता झोपेत पुटपुटायचात, "आरिया... आरिया..." आम्ही तुम्हाला उंचावरून अलगद खाली सोडतोय असं तुम्हाला वाटत असावं. तेवढं ऐकलं की मला धीर यायचा, कारण तो आवाज तुमचा असायचा.

आषाढात एका दुपारी आईचा बांध फुटला. तुम्ही पलीकडे पाटावर बसला होतात. ती माझा हात धरून तडक आत गेली. काकू वारा घालत होती, तुमच्यापुढं ग्लास होता. आई तुमच्यासमोर बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि हात जोडून काकांशी बोलायची तसं बोलू लागली. "भाऊजी, तुमाले जेवाले घातलं, पानी पाजलं. तुमचं आमी काई ठेवलं नाई. आता जा. माह्या मानसाले सोडा, त्याले पोरगी आहे." तुम्ही मान वर केली. आणि तुम्ही ओक्साबोक्शी रडू लागलात. "मी जातो," असं म्हणालात. कोण म्हणालं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आईने काकूच्या हातातून पंखा घेतला आणि विचारलं, "तू कावून पाजून राहिली वो त्याइले? तुले तरी खरं वाटते का हे?" काकू खाली बघत म्हणाली, "मले माहीत आहे, बाई. पन दारात येऊन कोनी भात मागते ना."

त्यानंतर तुम्ही श्रावण पाळलात. थेंब नाही, मटण नाही, सोमवारी उपास. आईला वाटलं, काका गेले. मलाही वाटलं. पोळ्याला तुम्ही मला मातीचा बैल आणून दिलात, त्याची शिंगं रंगवून दिलीत. पण श्रावण सुटला की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आपल्याकडे पुरुषमाणसं महिनाभराचा उपास एका बैठकीत फेडतात, हे तुम्हालाही माहीत होतं आणि आईलाही. ती सकाळपासून दारात बसून होती. तुम्ही तिच्या देखत गँगमधल्या लोकांबरोबर हसत गेलात, "आलोच," म्हणून. डॉक्टर नंतर म्हणाले, महिनाभर सोडल्यावर अंगाची सवय मोडते, पण मनात माप जुनंच असतं; माणूस त्या मापाने भराभर पितो आणि अंगाला ते झेपत नाही. इतकं साधं होतं ते. त्यात कुणी भूत नव्हतं.

आई तुम्हाला शोधायला दुकानाकडे गेली आणि तुम्ही दुसऱ्या वाटेने पलीकडच्या दाराशी आलात. मी घरात होते. पाय ओढल्याचा आवाज मी ऐकला, भाताची हाकही ऐकली. मग काकू बोलत राहिली, बराच वेळ, आणि पंख्याचा सपसप आवाज. मी बैलाशी खेळत होते. मला वाटलं, आई येईल आणि आणेल. आई आली ती थेट तिकडे गेली, आणि मग तिची किंकाळी ऐकू आली. तुम्ही चटईवर पाठीवर पडला होतात, तोंडाच्या कडेला उलटी सुकली होती, आणि काकू तुमच्या उशाशी बसून वारा घालत होती. अजूनही. अंगात आलेल्या माणसाला हात लावू नये, म्हणून तिने तुम्हाला हात लावला नव्हता. ती आईला म्हणाली, "हळू बोल वो. मघापासून आरिया, आरिया म्हनत होते. मले वाटलं, हे आता खाली येऊन राहिले. मग निजले." एवढ्या उंचावरून पडलेला तिचा माणूस कोणीतरी अखेर अलगद खाली सोडत होतं, असं तिला वाटलं होतं. आणि तुम्ही आम्हाला बोलावत होतात, बाबा. वळवा, म्हणत होतात.

दहावं होण्याआधीच काकूचा भाऊ येऊन तिला गोंदियाकडे घेऊन गेला. आई तिला उभं आयुष्य काही बोलली नाही. मी मात्र तिला कधी माफ केलं नाही. माझ्या मुलाच्या पहिल्या पगाराला मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, आपले नानाजी रोज पीत नव्हते हेही सांगितलं, कारण लोकांना वाटतं रोज पिणाराच मरतो. मित्र प्यायले तर काय करायचं, कसं वळवायचं, केव्हा गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं, तेही शिकवलं. तो म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. मी नाही पीत." काकूचं सांगताना मात्र माझा आवाज चढला. एवढी मोठी बाई, डोळ्यांपुढं माणूस चाललाय आणि वारा घालत बसते!

तर काल. पोस्टातल्या म्हाताऱ्यांना मी कुशीवर वळवलं, आणि ते झोपेत म्हणाले, "आरिया... आरिया..." माझी आई असती तर म्हणाली असती, त्यात काय वो, जन्म भिलाईत गेला, क्रेनखालून जाता-येता कोणी ऐकलेलं नाही ते? खरं आहे. उठल्यावर त्यांना विचारलं तर ते म्हणाले, मी काही बोललो का? चहा प्यायले, काठी घेतली आणि निघाले. पण ते निजलेले होते तेवढा वेळ मी तिथून हलले नाही. मुलगा हाक मारत होता, भांडी पडली होती. मी पंखा घेऊन त्यांना वारा घालत होते, आणि हळू आवाजात त्यांच्याशी घरातल्या गोष्टी बोलत होते, माझ्या गुडघ्याचं, गच्चीवरच्या दोरीचं, आईच्या शेवटच्या आजारपणाचं. काकू बोलायची तशी.

हे पत्र आगारीच्या निखाऱ्यावर टाकायचं ठरवलं होतं. आगारीत टाकलेलं गेलेल्यांना पोचतं म्हणतात. त्यासाठी आज पुन्हा निखारे पेटवलेत, पण मी पत्र टाकणार नाही. पोचलं तर तुम्ही याल. आलात, आणि दारातून भात मागितलात, तर मी तुम्हाला आधी भात वाढीन, आणि नंतर तुम्ही मागाल ते. ग्लाससुद्धा.